साठीनंतर पालथं पडून लांब पल्ल्याची नेमबाजी : मान, खांदा, कोपर कसे सांभाळता?

माळरान
नमस्कार मंडळी. इथे ट्रेकिंग आणि सायकलिंगचे धागे पुष्कळ आहेत, नेमबाजीवर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं वय ६४. मूळचा साताऱ्याचा, गेली सव्वीस वर्षं इंग्लंडात सरे परगण्यात आहे. कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल पहिल्यांदा हातात आली, २५ यार्डांवर. "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन" हे उस्तादांचे शब्द अजून कानात आहेत (फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम). इकडे आलो तर घरापासून अर्ध्या तासावर बिस्ली. नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा १८९० साली विंबल्डनहून तिथे हलल्या, तेव्हापासून ते या खेळाचं पंढरपूर आहे. मी टार्गेट रायफल खेळतो. रायफलवर दुर्बीण नाही. डोळ्यासमोर बारीक भोकाची साइट, नळीच्या टोकाला कडं, आणि आधार फक्त दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा, म्हणजे स्लिंगचा. ३०० ते १००० यार्ड, सगळं पालथं पडून. १००० यार्डांवरचा बुल, म्हणजे लक्ष्याच्या मधला पूर्ण गुणांचा गोल, सुमारे दोन फुटांचा असतो, पण नुसत्या डोळ्याला तो वेगळा दिसत नाही, काळा गोल तेवढा दिसतो.

त्रास असा. सकाळची ३०० आणि ५०० यार्डांची फेरी बरी जाते. दुपारी १००० यार्डांवर पंधरा गोळ्या असल्या की आठवी-नववी सुटेपर्यंत कवटीच्या खाली मागून आवळल्यासारखं होतं. मान वर राहत नाही, मग मी भुवईखालून बघायला लागतो. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. आणि गेल्या महिन्यात फेरी संपवून उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्याने दंड धरला म्हणून पडलो नाही.

क्लबातले मित्र म्हणतात, पट्टा सोड, दुर्बीण आणि बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) घे, एफ क्लास खेळ. मला पट्टा सोडायचा नाही. रायफल पट्ट्यात विसावते, श्वास संपतो, चाप आपसूक सुटतो, त्यासाठी मी आठवडाभर शनिवारची वाट बघतो. या वयात पालथ्या स्थितीत खरोखर आराम मिळवता येतो, की दुखणं धरूनच चालायचं? ज्यांनी अनुभवलंय त्यांनी लिहा.

आजीचीगोधडी
आमची नात गेल्याच आठवड्यात पालथी पडायला लागली. मान वर धरते, दोन मिनिटांत दमते, गाल गादीवर टेकवते आणि भोकाड पसरते. तुमचा धागा वाचून तिचं दुःख समजलं. :) नेमबाजीतलं काही कळत नाही, पण वाचतेय.

पंचगंगा
@आजीचीगोधडी, तुमच्या नातीने अर्धं उत्तर देऊन टाकलंय.

माळरानदादा, मी कोल्हापूरची, वय ५८. .२२ ने ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, खेळते. अंतर तुमच्यापेक्षा कितीतरी कमी, पण दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे पडून राहायचं दुखणं तेच. मुलं मोठी झाल्यावर, ४९ व्या वर्षी परत सुरू केलं आणि पहिले सहा महिने मान धरूनच घरी येत होते.

चूक कुठे होती सांगते. मी आधी रायफल लावून घ्यायची आणि मग शरीर तिच्यामागे वाकवायची. आमच्या सरांनी रायफल काढून घेतली. म्हणाले, नुसती मॅटवर पड, पट्टा दंडाला लाव, दोन्ही कोपरं टेकव, डोळे मीट आणि डोकं जिथे सुखाने राहतं तिथे राहू दे. मग डोळे उघड. मी डोळे उघडले तेव्हा नजर सरळ समोर होती आणि डोकं माझ्या नेहमीच्या जागेपेक्षा चांगलं दोन-अडीच बोटं वर. म्हणजे इतके दिवस मी तेवढी मान खाली चेपत होते आणि डोळे वर फिरवत होते! सरांनी मग चीकपीस (दस्त्यावरचा गाल टेकवायचा तुकडा) वर घेतला, दस्त्याची खांद्याला टेकणारी तळपट्टी खाली सरकवली, दोन्ही साइटखाली सारख्या उंचीचे ठोकळे घातले. रायफल माझ्याकडे आली, मी तिच्याकडे गेले नाही.

माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. तो भार मानेने तोलला तर दहा गोळ्यांतच दम निघतो. चीकपीसवर सोडून दिला तर साठ गोळ्या निघतात. गाल नुसता लावायचा नाही, पूर्ण वजन टाकायचं, उशीवर टाकतो तसं.

एक लक्षात ठेवा, ठोकळे घातले की सगळी शून्यं, म्हणजे प्रत्येक अंतराला साइट कुठे लावायची ते आकडे, बदलतात. पहिल्या दिवशी जवळच्या अंतरावर कागद बघून नव्याने लावा, एकदम १००० यार्डांवर जाऊ नका.

ओटावाकर
मी ७१ वर्षांचा, कॅनडात. माळरान, तुमचे मित्र काही चुकीचं सांगत नाहीत. एफ क्लासमधलं एफ कुठून आलं माहीत आहे? आमच्याकडच्या जॉर्ज फार्कर्सन यांच्या आडनावातून. उतारवयात डोळे आणि शरीर पट्ट्याला साथ देईनात, पण मैदान सोडवेना, अशा खेळाडूंसाठी त्यांनी दुर्बीण आणि टेकू वापरायची मुभा मागितली. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात आणि तिशीतली पोरंही उतरतात. म्हणजे हा निवृत्तांचा वॉर्ड नाही, स्वतंत्र खेळ आहे. सवलतीची किंमतही मोजावी लागते. अमेरिकन लक्ष्यावर १००० यार्डांवर साध्या रायफलवाल्यांना दहाचा गोल २० इंचांचा, आम्हाला १० इंचांचा.

दोन गट आहेत. एफटीआरमध्ये .३०८ किंवा .२२३ मापाची रायफल, पुढे बायपॉड, वजन ८.२५ किलोपर्यंत. ओपनमध्ये पुढे जड रेस्ट आणि १० किलो. मी एफटीआर खेळतो. जॅकेट नाही, पट्टा नाही, दंड दाबला जात नाही. रायफलच्या रेषेत जवळजवळ सरळ पडायचं म्हणजे धक्का खांद्यातून थेट मागे जातो, रायफल उडून बाजूला पडत नाही. दुर्बीण उंच बसवता येते त्यामुळे मानेला आराम. माझा उजवा खांदा फ्रोझन झाला होता तेव्हा याच खेळाने मला मैदानावर ठेवलं.

कोयनाकाठ
रामराम. निवृत्त सुभेदार, वय ६७, मुक्काम पाटण. एनसीसीचे उस्ताद बरोबर सांगत होते, पण त्यात चौथी गोष्ट बसत नव्हती ती मी सांगतो. रायफल आपण धरायचीच नसते. हाडावर ठेवायची असते. डावं कोपर रायफलच्या खाली जितकं येईल तितकं आणा, म्हणजे भार हाडातून जमिनीत जातो. कोपर बाहेर गेलं की दंडाचा स्नायू भार उचलतो आणि स्नायू थरथरतो. तिशीत ते कळत नाही, साठीत पाचव्या गोळीला कळतं.

मात्र पंचगंगाताईंचं एक मला पटलं नाही. उंच पोझिशनने मान सुटते, पण कंबर धरते. माझ्या कमरेत मणके घासलेले आहेत, छाती उचलली की कळ पायात जाते. मी खाली पडतो, दोन्ही पाय फाकवून, टाचा जमिनीला चिकटवून, फौजेत शिकवतात तसा. मला तेच सोसतं.

देवरुखचापाहुणा
सुभेदारसाहेब, टाचा जमिनीला टेकवून पडायचा प्रयत्न आत्ता हॉलमध्ये केला. बायको चहा घेऊन आली आणि विचारलं, काय हरवलंय सोफ्याखाली?

पंचगंगा
@कोयनाकाठ काका, कमरेचं तुमचं म्हणणं मान्य. पण टाचांचं मी अलीकडे सोडलं. उजवा गुडघा वर ओढून घेते, बेडूक एका बाजूने पोहतो तसा. त्याने शरीराची उजवी बाजू किंचित उचलली जाते, पोट आणि छातीचा खालचा भाग जमिनीवरून सुटतो. पोट जमिनीवर असलं की प्रत्येक श्वासाला आणि प्रत्येक ठोक्याला साइट वरखाली हलते. गुडघा ओढला की ते हलणं एकदम कमी होतं. एस्टोनियन पद्धत म्हणतात तिला. ज्यांचं पोट सुटलंय त्यांनी तर हेच करावं. डावा पाय आणि पाठीचा कणा एका रेषेत, लक्ष्याच्या रेषेशी थोडासाच कोन.

आमच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून जागतिक सुवर्ण मिळवलं. तिचे फोटो बाजूने काढलेले मिळाले तर नीट बघा. चेहऱ्यावर कुठे ताण दिसतो का ते शोधा. मी माझ्या कपाटाच्या दारावर आतून एक चिकटवलाय.

माळरान
भराभर प्रतिसाद आले, मन भरून आलं. पंचगंगाताई, ते डोळे मिटून पडायचं काल रात्री बैठकीच्या खोलीत केलं. डोळे उघडल्यावर माझी नजर समोर नव्हती, मॅटपासून हातभर पुढे होती. म्हणजे माझी मान आपणहून खालीच राहते, वर येतच नाही. आता याला काय करावं?

वेताळटेकडी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. रायफल कधी धरली नाही, पण तुमच्यासारखे तीन-चार नेमबाज माझ्याकडे येऊन गेलेत, म्हणून लिहिते.

माळरान काका, पालथं पडून समोर बघायचं तर कणा तीन ठिकाणी मागे वाकतो. कंबर, पाठीचा वरचा भाग, मान. वाकायचा जो काही कोन लागतो तो या तिघांनी वाटून घ्यायचा असतो. वयानुसार आणि वर्षानुवर्षं टेबलाशी बसून मधला भाग, खांद्याच्या पात्यांमधला, ताठ होतो. तो आपला वाटा उचलत नाही. मग एकाकडे मान दुखते, दुसऱ्याकडे कंबर. पंचगंगाताई आणि सुभेदार काका दोघेही आपापल्या कण्याबद्दल खरं बोलताहेत.

म्हणून मानेला व्यायाम देण्याआधी पाठीचा वरचा भाग सोडवा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पात्यांच्या मध्ये आडवी ठेवा, उताणे पडा, हात डोक्यामागे, मान हातावर सोडून हळूच मागे. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. मग अर्ध भुजंगासन, म्हणजे कोपरं जमिनीवरच ठेवून. पूर्ण भुजंगासन नको. शेवटी मकरासनात पडून राहा. हनुवटी आत ओढायचा व्यायामही करा, त्याने कवटीखालचे छोटे स्नायू सैल होतात, आवळतात ते तेच.

कंबर धरणाऱ्यांनी सरावाच्या वेळी ओटीपोटाखाली पातळ घडीचा टॉवेल घेऊन पाहा. स्पर्धेत चालतो का ते तुमचे नियम बघून.

करंगळी आणि अनामिका बधिर होणं म्हणजे बहुतेक कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली जातेय. कोपराचं टोक टेकवू नका, टोकाच्या थोडं पुढचा सपाट भाग टेकवा. मॅट जाड घ्या. आणि उठल्यावर दहा मिनिटांत बधिरपणा गेला नाही, किंवा मान मागे नेल्यावर हातात वीज गेल्यासारखं झालं, तर या धाग्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

अंधारीबद्दल. रक्तदाबाची गोळी घेता का? प्रोस्टेटची? प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब पडतो. अर्धा तास आडवे, वर घट्ट जॅकेट, पाणी कमी, आणि मग एकदम उभे. अंधारी येणारच. डॉक्टरांशी बोला. उठताना आधी कुशीवर, मग चार पायांवर, तिथे दहा श्वास, मग एक गुडघा, मग उभे.

माळरान
दोन्ही गोळ्या घेतो. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जातो. मनापासून आभार, ताई.

कोयनाकाठ
ताईंनी कुशीवर वळायचं सांगितलं त्यात मी एक शब्द घालतो. आधी बोल्ट उघडा, चेंबर रिकामं बघा, ते रिकामं असल्याची खूण म्हणून त्यात झेंडी लावा, रायफल खाली ठेवा, मगच कुशीवर. दुखण्याच्या घाईत माणूस हे विसरतो. रायफल हातात घेऊन कुणीही उठू नये, वय कितीही असो.

पट्ट्याबद्दलही राहिलं. दंडावर वर चढवा, काखेजवळ. मध्यावर बांधला की नाडीचा प्रत्येक ठोका साइटवर नाचताना दिसतो. आणि रुंद, आतून मऊ पट्टा घ्या.

चष्मेबहाद्दर
सगळे मानेवर बोलताहेत, पण मान वाकडी होण्याचं निम्मं कारण डोळे असतात. माझा चष्म्याचा व्यवसाय आहे आणि ठाण्यात लहानपणी एअर रायफल खेळलोय.

नेहमीच्या चष्म्यातून पालथं पडून बघितलं की तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता. तिथे नंबर खरा नसतो. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर आणखी घोळ. मग चांगलं दिसावं म्हणून माणूस नकळत डोकं वाकवतो आणि मान अडकते. नेमबाजीची वेगळी फ्रेम मिळते, तिच्यात एकच गोल काच असते आणि ती नजरेच्या रेषेला काटकोनात फिरवून लावता येते. नंबर म्हणजे तुमचा लांबचा नंबर अधिक साधारण ०.५०, म्हणजे पुढच्या साइटचं कडं स्वच्छ दिसतं आणि लक्ष्य थोडं धूसर. ते धूसरच असू द्या. पन्नाशीनंतर दोन्ही स्वच्छ बघायचा हट्ट सोडावा. पुढचं कडं एक आकडा मोठं घ्या, काळ्या गोलाभोवती पांढरं भरपूर दिसू दे, डोळा आपोआप मध्य शोधतो.

चष्मा करायला जाताना रायफल नेता येणार नाही, पण डोळ्यापासून पुढच्या साइटचं अंतर मोजून न्या. मोतीबिंदू काढायचा असेल तर शस्त्रक्रियेआधी सर्जनना सांगा की मी नेम धरतो. मल्टिफोकल भिंगाने काहींना उजेडाभोवती कडी दिसतात, आपल्या खेळात ती नको.

ओटावाकर
हे वाचून जुनी गंमत आठवली. मान वर धरायचीच नाही असा उपाय लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी काढलाय. उताणं झोपून! १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला. ८००, ९०० आणि १००० यार्ड. काही नेमबाज पाठीवर पडून, पाय लक्ष्याकडे, रायफल मांड्या-पायांवर टेकवून मारत होते. मागची साइट दस्त्याच्या टाचेवर बसवलेली. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. आयर्लंडच्या एका नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर बसली आणि तिला शून्य मिळालं, तीच महागात पडली.

माळरान, तुमच्या बिस्लीला मॅच रायफलवाले १००० ते १२०० यार्डांवर खेळतात, तिथे अजून उताणी पोझिशन चालते. बघितली असेल ना?

माळरान
बघितली आहे की! स्टिकलडाउनच्या मैदानावर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं गृहस्थांना काही झालंय. मग त्यांनी बुल मारला.

देवरुखचापाहुणा
शेजारच्याच्या लक्ष्यावर गोळी मारून जागतिक सामना हरणे. त्या माणसाने उरलेलं आयुष्य कसं काढलं असेल हो.

कोयनाकाठ
सगळ्यांकडून होतं ते एकदा तरी. झाल्यावर सांगायचं आणि पुढच्या गोळीला नंबर वाचायचा. लक्ष्याचा नंबर प्रत्येक गोळीला वाचायचा.

निशाणी
मी नवीन. वय ६१, पुण्यात, नुकतीच निवृत्त. हे सगळं वाचून शिकावंसं वाटतंय, पण दोन्ही गुडघे बदललेत. खाली बसता येत नाही, मग पालथी कशी पडू? आणि परवान्याचं काय?

पंचगंगा
@निशाणी, अवश्य या. आपल्याकडे .३०३ आणि ७.६२ या मापांच्या रायफली सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे माळरानदादांसारखं १००० यार्ड विसरा. पण १० मीटरची .१७७ एअर रायफल २० ज्यूलच्या आतली असली की परवाना लागत नाही. बालेवाडीला जाऊन एकदा नुसतं बघून या.

गुडघ्यांसाठी एक मार्ग आहे. पॅरा नेमबाजीत प्रोन म्हणजे खुर्चीत बसून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, पट्टा तसाच दंडाला. मान, खांदा, पट्टा, श्वास, चाप, सगळं तेच शिकता येतं. माझा गुडघा सुजला होता तेव्हा दोन महिने मी घरी जेवणाच्या टेबलावर असाच कोरा, म्हणजे गोळी न भरता, सराव केला.

आणि हा खेळ आपल्याला नवा नाही बरं. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. अजून त्यांच्या नावाने स्पर्धा होते.

वेताळटेकडी
@निशाणी, बदललेल्या गुडघ्यावर टेकायचं की नाही हे तुमच्या सर्जनना विचारून ठरवा. टेबलाचा मार्ग उत्तम. खुबा बदललेल्यांनीही पंचगंगाताईंसारखा पाय वर ओढण्याआधी विचारावं.

ओटावाकर
मूळ प्रश्नाकडे येतो. माळरान, खांद्याला धक्का किती जाणवतो? तुमच्या टार्गेट रायफलमध्ये .२२३ चालते. ८० ग्रेन वजनाची गोळी घ्या. वारा जास्त वाचावा लागतो, पण धक्का .३०८ च्या मानाने खूपच कमी. धक्क्याच्या धास्तीने माणूस आधीच मान आणि खांदा आवळून बसतो, ते आवळणं थांबतं. पट्टाही राहील. मी एफ क्लासचा आग्रह सोडतो!

आजीचीगोधडी
नात आता पाच मिनिटं मान धरते. तुमचं काय चाललंय, माळरान? महिना होऊन गेला.

माळरान
उशीर झाला, क्षमस्व. मुद्दाम थांबलो होतो. नुसता हुरूप लिहायचा नव्हता, करून बघून लिहायचं होतं.

डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी सकाळऐवजी रात्री झोपताना घ्यायला सांगितली आणि रक्तदाब उभा-आडवा दोन्ही मोजला. मैदानावर आता पाण्याची बाटली मॅटशेजारीच असते आणि घडीचं स्टूल मागे. कुशी, चार पाय, दहा श्वास, मग स्टूलवर हात ठेवून उभा. अंधारी परत आलेली नाही.

टॉवेलची गुंडाळी रोज केली. तिसऱ्या आठवड्यात पंचगंगाताईंची डोळे मिटायची परीक्षा परत घेतली. नजर मॅटवरून उठून भिंतीच्या पायथ्याशी आली. समोर नाही अजून, पण हलली. उरलेलं अंतर रायफलने भरून काढलं. चीकपीस १२ मिलिमीटर वर, दोन्ही साइटखाली ठोकळे, मागची साइट डोळ्याकडे सरकवली म्हणजे मान पुढे ताणावी लागत नाही. फार जवळ आणू नका, मी एका दिवशी आणली आणि धक्क्याने भुवई फुटली. हँडस्टॉप (रायफलखालचा, डावा हात अडतो तो ठोकळा) तीन बोटं मागे घेतला आणि पट्टा तेवढा आखडला, त्याने पुढची बाजू उचलली. उजवा गुडघा वर. कमरेने तक्रार केली नाही, नशीब.

सगळ्यात मोठा फरक मात्र एका फुकटच्या गोष्टीने पडला. आमच्याकडे एका लक्ष्यावर दोघेजण आळीपाळीने मारतात, आपली पाळी आली की गोळीला ४५ सेकंद. मी अठरा वर्षं जोडीदाराच्या पाळीतही रायफल खांद्याला लावून, मान वर धरून, मॅटशेजारच्या वेगळ्या दुर्बिणीतून वारा बघत बसायचो. आता गोळी सुटली की दस्ता खांद्यातून काढतो, त्याचा गुण लिहितो आणि कपाळ हातावर टेकवतो. नातीसारखं, आजी. परत खांद्याला लावताना पहिल्यांदा डोळे मिटून श्वास सोडतो, उघडल्यावर काळा गोल कड्यात नसला तर हाताने ढकलत नाही, डावं कोपर तसंच ठेवून कंबर सरकवतो. गाल चीकपीसवर टाकतो. दोन श्वास आणि गोळी. सहा-सात सेकंदांत सुटली नाही तर सोडून देतो.

दुपारचं जेवणही बदललं. क्लबातले तळलेले मासे-बटाटे खाऊन पालथं पडलं की छातीत जळजळायचं. आता दहीपोहे नेतो.

परवाच्या शनिवारी १००० यार्ड, १५ गोळ्या, ७५ पैकी ६८. याआधी त्याच मैदानावर ६१. त्यातले किती गुण वाऱ्याने दिले आणि किती मानेने, ते सांगता येणार नाही. पण पंधरावी गोळी सुटली तेव्हा मी समोर बघत होतो, भुवईखालून नाही. मॅटवर तसाच पडून राहिलो, उठावंसं वाटेना.

करंगळी अजून बाराव्या गोळीच्या सुमारास झिणझिण्या देते. चष्म्याची फ्रेम मागवली आहे. बाजूने आणि मागून काढलेले दोन फोटो खाली टाकतोय, बघून सांगा.

पंचगंगा
दादा, ६८! घरात ओरडूनच वाचलं. फोटोत गाल मस्त टेकलाय. उजवा खांदा अजून कानाकडे चढलेला दिसतो, तो सोडा.

चष्मेबहाद्दर
फ्रेम आली की पालथं पडूनच लावा, आरशासमोर उभं राहून नाही.

कोयनाकाठ
मागून काढलेला फोटो मोठा करून पाहिला. डावं कोपर अजून चार बोटं बाहेर आहे, करंगळी त्यानेच दुखते. आत घ्या. आणि जॅकेटचं वरचं बटण सोडा, एवढं आवळायची गरज नाही. पुढच्या शनिवारचा फोटो टाका.